तावडेकाकांचा घरजावई

फोन आला तेव्हा माझ्यासमोर खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते आणि मी त्यांच्या दाढेत खोदकाम करत होते. अशा वेळी मला फोन दिलेला चालत नाही, हे नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझी मदतनीस सुनीता तर त्यावरून माझी बोलणीही खाऊन चुकली आहे. तरी ती आली आणि फोन माझ्या कानाला लावून उभी राहिली. "मॅडम, कोपरीहून मंगलाकाकू." पलीकडचा आवाज अगदी सरळ होता. "डॉक्टर, हे गेले. चहा बशीत ओतला, आणि... तसेच मागे टेकले. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले. स्मिता निघालीय पुण्याहून." मागे तो ओळखीचा आवाज येत होता, टक्... टक्... टक्... "यंत्र अजून चालूच आहे हो," काकू म्हणाल्या. "बंद करू का?" मी म्हणाले, "नको." का म्हणाले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या गृहस्थांच्या दाढेत तात्पुरता मसाला भरला, त्यांना उद्या या म्हटलं आणि स्टेशनच्या पुलावरून चालत पूर्वेला, कोपरीला गेले.

याला आता दीड महिना होत आला. रमाकांत तावडे हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसणार, पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कितीतरी जण त्यांच्या हातची कॅप तोंडात घेऊन रोज जेवताहेत. दात गेला की आम्ही डॉक्टर हाडात एक धातूचा स्क्रू बसवतो, त्याला इम्प्लांट म्हणतात. त्यावर सिरॅमिकची कॅप चढते, म्हणजे नवा दात. ती कॅप डॉक्टर बनवत नाही. श्रेय आमचं, पाटी आमची, पण कॅप बनवतो तो कुठल्यातरी बोळातल्या खोलीत भिंग लावून बसलेला माणूस. माझ्यासाठी बावीस वर्षं तो माणूस म्हणजे तावडेकाका.

काका मूळचे फिटर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करायचे. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशी उलटलेली. कल्याणला मेव्हण्याची दातांची लॅब होती, तिथे जाऊन कामाच्या मेजाखाली पाय घालून बसले आणि धाकट्या मेव्हण्याच्या हाताखाली पहिल्यापासून काम शिकले. लाज वाटली नाही का, असं मी एकदा विचारलं होतं. "कसली लाज? तिथे गिअरचे दात घासायचो, इथे माणसांचे." पण कारखान्यातली एक सवय त्यांच्या अंगातून गेली नाही. एखादी वस्तू चांगली आहे हे कुणी नुसतं सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "कोण म्हणतं चांगली? किती दिवस चालवून बघितली?" सिरॅमिकचा नवा माल आला की विकणारे गुळगुळीत पुस्तिका घेऊन यायचे. काका पुस्तिका उलटून बघायचे, परत द्यायचे आणि म्हणायचे, "छान छापलंय."

त्यातून ते यंत्र जन्माला आलं. शिलाई मशीनची मोटर, कल्याणच्या जुन्या बाजारातून आणलेली चाकं, माशांच्या टाकीचा पंप, आणि चार पोलादी गोळ्या. चार कॅप खाली पाण्यात घट्ट बसवायच्या, वरून गोळ्या त्यांच्यावर आपटणार, किंचित घसरणार, उचलल्या जाणार, पुन्हा आपटणार. अगदी चावल्यासारखं. पाणी एकदा गरम यायचं, एकदा बर्फासारखं गार. "चहा आणि कुल्फी," काका सांगायचे. आणि हे दिवसरात्र, बारा महिने. माणूस वर्षभरात जेवढं चावतो तेवढं हे यंत्र चार-पाच आठवड्यांत चावून मोकळं होतं, असा त्यांचा अंदाज. तो अंदाज बांधण्यासाठी या माणसाने काय केलं असेल? लग्नांच्या पंगतीत बसून लोकांचे घास मोजले! वऱ्हाडी जिलबीवर ताव मारताहेत आणि हे समोर बसून ओठ हलवत मोजताहेत. घरी तर काकूंची धडगत नव्हती. "जेवताना सारखे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे," काकू सांगतात, "मला वाटलं, या वयात प्रेम उतू चाललंय. तर मेले घास मोजत होते!" यंत्राचं नाव काकूंनीच ठेवलं, घरजावई. दिवसभर बसून खातो आणि उठायचं नाव नाही. खरा जावई पुण्याहून आला की बिचारा त्या खोलीत पाऊल टाकायचा नाही.

मी पहिल्यांदा ते यंत्र पाहिलं तेव्हा हसले होते. खोटं कशाला बोलू? शिकलेली बाई ना मी. परदेशात असली यंत्रं मोठमोठ्या प्रयोगशाळांत असतात हे वाचलेलं, आणि इथे कोपरीत तळमजल्याच्या खोलीत, काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी हा प्रकार. हसणं पुरतं थांबलं ते काकांची रीत कळली तेव्हा. नव्या मालाची पहिली कॅप ते कधी एकटी बनवायचे नाहीत. दोन बनवायचे, एकाच ठोकळ्यातून, एकाच भट्टीत, अगदी एकसारख्या. एक पेशंटच्या तोंडात जायची, दुसरी घरजावयाच्या. दुसरीला ते जुळी म्हणायचे. "डॉक्टर, ही जुळी पुढे धावतेय. पेशंट अजून पहिल्या दिवाळीचा फराळ खातोय, तोवर हिच्या पाच दिवाळ्या झाल्या. हिला काही झालं तर आपल्याला आधी कळणार." म्हणजे माणसाच्या तोंडात पुढे काय होणार ते हा गृहस्थ कोपरीत बसून बघत होता.

आणि तरी मी जे केलं ते केलं. आता तेच सांगायचं आहे. नऊ वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीच्या माझ्या शाळेतल्या गोडबोले बाई माझ्याकडे इम्प्लांटसाठी आल्या. या बाईंच्या वर्गात एक पद्धत होती. कुणी चुकलं की मारणं नाही, ओरडणं नाही. उभं राहायचं आणि काय चुकलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतः सांगायचं. सांगून झालं की बाई म्हणायच्या, "बस खाली." विषय संपला. पुन्हा त्या चुकीचा उल्लेख नाही. सांगितलं नाही तर मात्र तास संपेपर्यंत उभं. तर बाईंच्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं आणि त्यांना दात हवा होता. "अगं शुभदा, लाडू मोडता आला पाहिजे मला, हाताने कुस्करून खायची मी नाही." त्याच सुमारास नवं सिरॅमिक आलं होतं, अगदी खऱ्या दातासारखं पाणीदार दिसणारं. मला बाईंच्या तोंडात तेच हवं होतं. काका म्हणाले, "दोन महिने थांबा. जुळीला जरा चावू दे." मी म्हणाले, "लग्न थांबणार आहे का, काका?" चार दिवसांनी कॅप आली. बसवून पाहिली तर एका कोपऱ्यात जरा उंच लागत होती. असं होतं. तेवढा कोपरा मी मशीनने घासला, बाईंना आरसा दिला, बाई खूश, मी खूश. लग्नात दोन लाडू मोडल्याचा फोनही आला.

पाच-सहा आठवड्यांनी एका सकाळी काका दवाखान्यात हजर. ते कधी यायचे नाहीत, माल पोचवायला माणूस असायचा. खिशातून डबी काढली, डबीतून बाईंच्या कॅपची जुळी काढली, तिच्यावर पेनाची निळी शाई लावली, पुसली आणि मागून टॉर्च धरला. केसासारखी एक निळी रेघ. "ही गेली, डॉक्टर. तोंडातलीपण जाणार. बाईंना बोलवा." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काय सांगून बोलवू? दुखत नाही, हलत नाही, लाडू खाताहेत! तुमच्या शिलाई मशीनला स्वप्न पडलं म्हणून बसवलेला दात काढू? माझ्या शिक्षिका आहेत त्या, काका, माझी अब्रू जाईल." काका बाहेर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसले. एक पेशंट झाला, दुसरा झाला, दुपारचा डबा खायला मी बाहेर आले तरी बसलेले. सुनीताने दिलेलं पाणी तसंच शेजारी. शेवटी माझंच मन मला खाऊ लागलं आणि मी बाईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. काकाही होते. इम्प्लांटवरची कॅप स्क्रू सोडवून अख्खी काढता येते, तशी काढली. धुतली. शाबूत! मी काकांकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणी मान खाली घातली असती. त्यांनी शांतपणे शाई लावली, पुसली, टॉर्च धरला... त्याच कोपऱ्यात, तशीच तिरकी रेघ, फक्त जरा आखूड. रेघेची लांबी सोडली तर शेजारी धरलेल्या दोन कॅपमधली कुठली तोंडातली आणि कुठली यंत्रातली ते ओळखता आलं नसतं. देवळात गेल्यावर मला कधी जे वाटलं नाही ते त्या दिवशी माझ्या दवाखान्यात, टॉर्चच्या उजेडात वाटलं. आणखी काही महिन्यांनी तो कोपरा तुटून लाडवाबरोबर बाईंच्या घशात गेला असता.

"पण असं झालं कसं?" बाईंनी विचारलं. त्यांची नजर माझ्यावर, वर्गातलीच. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "माझ्या भट्टीत चूक झाली, बाई. कोपरीला माझी लॅब आहे. डॉक्टरांनी वेळेत बोलावलं म्हणून निभावलं." मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हा मला वाटलंही, असेल बुवा भट्टीत चूक. जुन्या भरवशाच्या सिरॅमिकची नवी कॅप काकांनी आठवड्यात करून दिली, ती आज बाईंच्या ऐंशीव्या वर्षी ठणठणीत आहे. पण बाई सरळ बाई. डोंबिवलीत त्यांचे दोन विद्यार्थी दातांचे डॉक्टर. त्यांना बाईंनी बजावलं, कोपरीच्या त्या लॅबमधून काही घेऊ नका. दोघांनीही काकांकडे काम पाठवणं थांबवलं.

हे मला कळलं आणि मी कोपरीला गेले. काका भिंग लावून बसलेले. मी म्हणाले, "भट्टीत नेमकं काय चुकलं हो?" त्यांनी भिंग काढलं. "भट्टीत काही नाही चुकलं." मग त्यांनी एक जुनी कॅप हातात घेतली, घासायचं मशीन घेतलं आणि डावीकडून उजवीकडे, पाण्याचा थेंब न टाकता, दाबून, घाईघाईने कोपरा घासला. मी बघत राहिले. तो माझा हात होता! मनगट तसंच वाकडं, शेवटचा झटका तसाच. रंगात फरक पडला म्हणून माझ्याकडून परत आलेल्या कॅप त्यांनी वर्षानुवर्षं भिंगाखाली पाहिल्या होत्या आणि त्यावरच्या ओरखड्यांवरून माझा हात पाठ केला होता. "सिरॅमिक कोरडं घासलं की तापतं. आत बारीक तडा जातो, वरून दिसत नाही. तुम्ही बाईंची कॅप उंच लागली म्हणून घासणार, कुठे घासणार, कशी घासणार, मला माहीत होतं. म्हणून जुळीलापण तसंच घासलं आणि मग चावायला दिलं."

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच. ते म्हणाले, "पूर्वी दोनदा बोललो होतो, डॉक्टर. तुम्ही हसलात." आठवलं मला. खरंच हसले होते. "तोंडात नुसती कॅप जात नाही हो. डॉक्टरचा हातपण जातो. तोही चालवून बघायला लागतो." मी विचारलं, बाईंसमोर स्वतःवर का घेतलंत? तर म्हणाले, "तुमच्या दारावर पाटी आहे. माझ्या खोलीला पाटीच नाही, पुसली काय नि राहिली काय." मी तेव्हाच बाईंना फोन करायला हवा होता. मी केला नाही. आज करू, उद्या करू... आणि मग इतके दिवस झाले की आता कशाला, असं झालं. त्या दिवसापासून मी पाण्याशिवाय कॅपला हात लावलेला नाही, घासलेली प्रत्येक जागा आरशासारखी गुळगुळीत केल्याशिवाय तोंडात जाऊ दिलेली नाही. हात सुधारला. तोंड मात्र उघडलं नाही.

दोन वर्षांनी काकांची स्वतःची दाढ गेली. ठाण्यात नावाजलेले सर्जन आहेत, पण काका माझ्याकडे आले. तेव्हा आणखी एक नवं सिरॅमिक आलं होतं. "हे आधी माझ्याच तोंडात जाऊ दे." कॅप त्यांची त्यांनीच बनवली, अर्थात जोडीने. बसवताना केसभर उंच लागली. माझा हात थांबला. काकांनी तोंड उघडं ठेवूनच बोटाने खूण केली, घासा. मी पाण्याखाली घासली, गुळगुळीत केली, तीळभर जागा असेल. जुळी गेली घरजावयाकडे, आणि तेव्हापासून तिथेच आहे. मध्ये बाकीच्या किती आल्या नि गेल्या, काही फुटल्या, ही चावतेच आहे. "तिच्या हिशेबाने मी आता शंभरी ओलांडली, डॉक्टर," काका म्हणायचे आणि मिश्किल हसायचे. शंभरी कसली... एकाहत्तर वर्षं. एवढंच मिळालं.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करताना स्मिताला राखेत ती कॅप सापडली. बापाचीच मुलगी, ओळखली तिने लगेच. स्क्रू वेगळा होऊन काळा पडला होता. कॅपचा रंग उडून ती खडूसारखी पांढरी झाली होती, पण होती अख्खी. गुरुजी म्हणाले, अस्थींबरोबर सोडा. काकू म्हणाल्या, "ते हाड नाही, त्यांचं काम आहे. काम कसं सोडू पाण्यात?" आणि कॅप एका डबीत घालून त्यांनी माझ्या हातात ठेवली. खरं तर यात चमत्कार काही नाही. चितेपेक्षा जास्त आच ही वस्तू भट्टीत आधीच सोसून आलेली असते. हे मी कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. तरी ती मी बराच वेळ तळहातावर धरून ठेवली. काकांचंच भिंग लावलं, शाई लावली, पुसली, टॉर्च धरला. रेघ नाही. एका कोपऱ्यात तीळभर जागा मात्र बाकीच्या अंगापेक्षा गुळगुळीत. तो माझा हात होता, आगीतून जाऊन आलेला.

मग जुळ्यांच्या डब्या काढल्या. प्रत्येक जुळीच्या डबीत काका एक चिठ्ठी ठेवत. पेशंटचं नाव, माल कुठला, आणि खाली एक ओळ, कुणाच्या हातासारखं घासलं त्याची. बाईंच्या जुळीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "डॉ. शुभदा. कोरडं." त्यांच्या स्वतःच्या जुळीच्या चिठ्ठीवर होतं, "डॉ. शुभदा. घासलं नाही. गरज नाही." मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आयुष्यभर कुणाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवलेला माणूस. छापील पुस्तिकेवर न ठेवलेला. त्याने स्वतःच्या तोंडातल्या दाताची परीक्षा माझ्या बाबतीत माफ केली होती. आणि मी? त्याच्यावरचा ठपका पुसायला मला एक फोन करवला नव्हता. रडले मी, चांगली हुंदके देऊन रडले. काकू म्हणाल्या, "आता मात्र मी बंद करू का हे यंत्र? तुम्हालाच त्रास होतोय आवाजाने." मी म्हणाले, "थांबा," आणि तिथूनच गोडबोले बाईंना फोन लावला.

सगळं सांगितलं. कोरडं घासल्याचं, हसल्याचं, काकांनी अंगावर घेतल्याचं, मी गप्प बसल्याचं. काकू शेजारी ऐकत होत्या. त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याने घरातसुद्धा सांगितलं नव्हतं! बोलून झाल्यावर लक्षात आलं की मी त्या छोट्या खोलीत ताठ उभी आहे. बाई पलीकडून "बस खाली" म्हणतील असं कुठेतरी वाटलं होतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पत्ता सांग."

रविवारी बाई काठी टेकत आल्या, बरोबर भाची. खोलीत मावेनाशी माणसं झाली. काकूंनी खुर्ची पुढे केली, बाई बसल्या नाहीत. यंत्रापुढे उभ्या राहून बघत राहिल्या. गोळी उतरत होती, चावत होती, उठत होती. मग त्या काकूंकडे वळल्या आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "मंगलाताई, माझं चुकलं. नीट चौकशी न करता मी तुमच्या यजमानांना नावं ठेवली. दोन जणांना त्यांच्याकडे जाऊ दिलं नाही. त्या दोघांनाही काल फोन करून सांगितलंय." ऐंशी वर्षांच्या बाई, दोन्ही हात काठीवर, उभ्या. काकूंना त्या वर्गाची पद्धत कुठून माहीत असणार? पण त्या पुढे झाल्या, बाईंचा दंड धरला आणि म्हणाल्या, "बसा हो बाई आता. चहा टाकते."

बाई बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूही बस, शुभदा." मी काकांच्या स्टुलावर बसले. काकूंनी चहा आणला आणि बाईंनी बिस्कीट त्याच दाताने मोडलं. यंत्र बंद करू का, हे काकूंनी त्यानंतर विचारलेलं नाही. दर रविवारी मी जाते, जुळी बाहेर काढते, शाई लावून टॉर्चने बघते. रेघ नाही. परत बसवते आणि बटण दाबते. घरजावई जेवायला लागतो.